योझेफ ओत्वोश यांना यशस्वी शिक्षणमंत्री म्हणावे का? एका लघुप्रबंधाच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी आपण हंगेरीचे शिक्षणमंत्री योझेफ ओत्वोश (1813–1871) यांचे जीवन आणि कार्य हा विषय घेतला आहे. टिपणे काढता काढता आपल्या लक्षात आले की हे गृहस्थ कादंबरीकार म्हणून भेटतात, राज्यविचाराचे लेखक म्हणून भेटतात आणि दोन वेळा मंत्रीही होतात. पहिल्या वेळी त्यांचे विधेयक बारगळते. दुसऱ्या वेळी कायदा होतो, पण बहुतेक शाळा चर्चच्याच हाती राहतात. मग त्यांना यशस्वी म्हणायचे ते कशाच्या जोरावर, प्रकरणे कशी पाडायची आणि बुडापेस्टचे ‘ओत्वोश विद्यापीठ’ त्यांच्याच नावाचे का, असे आपण विचारले आहे.

मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षे शिक्षणाचा इतिहास शिकवला आणि या विषयावरचे लघुप्रबंध तपासले. मला हंगेरियन येत नाही. जे वाचले ते जर्मन आणि इंग्रजीतून वाचले, हे आधीच सांगून ठेवते. आपली खरी अडचण मला वेगळीच दिसते. मंत्र्याचे मोजमाप त्याच्या घोषणेवरून करायचे, त्याच्या कायद्यावरून करायचे की तो गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी वर्गात काय दिसते त्यावरून करायचे, हे आपण अजून ठरवलेले नाही. ते ठरले की प्रकरणे आपोआप पडतात.

यातले काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आपले मार्गदर्शक शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचे असतील तर त्यांना ओत्वोश यांचा राज्यविचारावरचा ग्रंथ अधिक हवासा वाटेल. शैक्षणिक प्रशासनाचे असतील तर 1868 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा. आपल्याला जर्मन वाचता येत असेल तर मूळ साधनांपर्यंत पोहोचता येईल, नसेल तर दुय्यम साधनांवर भागवावे लागेल आणि तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे लागेल. पुढे जे सांगते आहे ते कायदा केंद्रस्थानी ठेवून, कारण माझ्या मते त्यांचे उरलेले सारे आयुष्य त्या कायद्यात उतरलेले आहे.

जीवनाचा भाग लहान ठेवा, पण दोन गोष्टी सोडू नका. पहिली म्हणजे घराणे. जन्म बुडा येथला, घर सरदारी, आजोबा आणि वडील दोघेही व्हिएन्नाच्या, म्हणजे हंगेरीवर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राटाच्या, दरबाराशी एकनिष्ठ असलेले मोठे अधिकारी, घरात बोलणे जर्मनमध्ये. त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: शाळेत या मुलाच्या बाकावर कोणी बसेना, कारण तो ‘देशद्रोह्याच्या घरचा’. गोष्ट शब्दशः खरी माना अगर न माना, पण हंगेरियन भाषा त्यांनी नंतर हट्टाने आपलीशी केली आणि त्याच भाषेतले मोठे लेखक झाले, हे निर्विवाद आहे. भाषा घरातून न मिळता कमवावी लागलेल्या माणसाने पुढे कायद्यात मातृभाषेतून शिक्षण देण्याच्या कलमाचा आग्रह का धरला असेल, याचा धागा मला इथे दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे दिवाळे. 1840 नंतर घराण्याची मालमत्ता गेली, डॅन्यूबकाठची एर्चीची जहागीर हातातून सुटली आणि हे सरदार लेखणीवर जगू लागले.

या काळातले लेखन साहित्याच्या कप्प्यात बंद करून ठेवू नका. तरुणपणी त्यांनी पश्चिम युरोपचा प्रवास केला, इंग्लंड पाहिले आणि परत येऊन तुरुंगसुधारणा, आयर्लंडमधले दारिद्र्य, ज्यूंचे नागरी हक्क अशा विषयांवर लिहिले. ज्यूंच्या मुक्तीवरचा निबंध 1840 चा, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाचा. आणि ज्यूंना समान नागरी व राजकीय हक्क देणारा दोन कलमांचा कायदा 1867 चा, म्हणजे बरोबर सत्तावीस वर्षांनंतरचा, ते स्वतः मंत्री असतानाचा. ‘ए फालू येज्योये’ म्हणजे ‘गावचा नोंदणीकार’ ही त्यांची 1845 ची कादंबरी परगण्याच्या कारभारावर आहे. अधिकाऱ्यांच्या जुलमाने व्हिओला हा साधा कुळवाडी दरोडेखोर कसा होतो, हे तिच्यात येते. 1850 मध्येच तिचे इंग्रजी भाषांतर झाले असल्यामुळे ती आपल्याला वाचता येईल. माझ्या एका विद्यार्थिनीने ती कंटाळत सुरू केली आणि वाचून झाल्यावर विचारले, ‘बाई, ज्या परगण्याच्या अधिकाऱ्यांवर यांचा इतका अविश्वास, त्यांच्याच हाती हे शाळा कशा देतील?’ प्रश्न नेमका होता. 1868 च्या कायद्यात शाळांच्या देखरेखीसाठी मंत्रालयाला उत्तर देणारे स्वतंत्र शाळा-निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे, तिचे मूळ या कादंबरीत शोधायला हरकत नाही.

आता 1848. मार्चमधल्या क्रांतीनंतर एप्रिलमध्ये हंगेरीत लायोश बत्यानी यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात कोशुत अर्थमंत्री, सेचेनी दळणवळणमंत्री, देआक न्यायमंत्री आणि ओत्वोश धर्म व सार्वजनिक शिक्षण खात्याचे मंत्री. खात्याच्या नावातला ‘धर्म’ हा शब्द विसरू नका, पुढचे सगळे त्यावर फिरते. त्यांनी विद्यापीठ थेट मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले आणि उन्हाळ्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. कनिष्ठ सभागृहातल्या जहालांना सर्व धर्मांच्या मुलांसाठी एकच सामाईक शाळा हवी होती, चर्चना ते सहन होण्यासारखे नव्हते, आणि वरिष्ठ सभागृहाने प्रकरण पुढे ढकलले. त्यानंतर व्हिएन्नाशी युद्धच आले. 28 सप्टेंबरला बुडा आणि पेस्ट यांना जोडणाऱ्या होड्यांच्या पुलावर जमावाने सम्राटाचा प्रतिनिधी लाम्बेर्ग याला ठार मारले आणि ओत्वोश देश सोडून आधी व्हिएन्नाला, मग म्युनिकला गेले. पुढे मोठे नाव काढलेला त्यांचा मुलगा लोरांद त्या वेळी जेमतेम दोन महिन्यांचा होता.

काही विद्यार्थी या जाण्याला ‘पळ’ म्हणतात, काही ‘दूरदृष्टी’. दोन्ही शब्द टाळा. लघुप्रबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की सुमारे दोन वर्षांच्या त्या परदेशवासात त्यांनी 1848 का फसले याचा हिशेब मांडला आणि त्यातून 1851 व 1854 अशा दोन खंडांचा ग्रंथ आला. एकोणिसाव्या शतकावर राज्य करणाऱ्या तीन कल्पना म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि राष्ट्रीयत्व. आणि लोक त्यांचा जो अर्थ घेतात तो घेतला तर या तिघी एकमेकींना छेद देतात, असा त्याचा गाभा आहे. तत्त्वज्ञानाचे प्रकरण लिहायचे असेल तर ते या वाक्याभोवती लिहा आणि पंधरा पानांच्या वर जाऊ देऊ नका.

ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातल्या 1867 च्या तडजोडीनंतर ज्युला आंद्राशी यांच्या मंत्रिमंडळात ओत्वोश पुन्हा त्याच खात्यावर आले. वय चोपन्नच्या आसपास, विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद आधीच अंगावर, आणि हाती, नंतर कळले तसे, जेमतेम चार वर्षे. डिसेंबर 1868 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा, म्हणजे त्या वर्षीचा अडतिसावा कायदा, संमत झाला.

कायदा वाचण्याची माझी एक सवय आहे आणि ती मी विद्यार्थ्यांनाही लावत असे: पहिले कलम सोडून द्यायचे आणि पैसे, दंड आणि मोजमाप यांची कलमे आधी शोधायची. पहिल्या कलमात कोणीही उदात्त असतो. ओत्वोश यांच्या कायद्यात सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोजची शाळा आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना उजळणीची शाळा सक्तीची केली, हे सगळे लिहितात. त्यापुढे वाचा. मूल न पाठवणाऱ्या पालकाला पहिल्या वेळी 50 क्रॉयत्सर (म्हणजे अर्धा फोरिंट) दंड, दुसऱ्या वेळी 1 फोरिंट, मग 2, मग 4, आणि तरीही पाठवले नाही तर मुलासाठी पालक नेमण्यापर्यंत मजल. नव्या इमारतीत एका खोलीत साठांहून अधिक मुले नकोत आणि दर मुलामागे 8 ते 12 चौरस फूट जागा हवी. गुणाकार करून पाहिला तर साठ मुलांची खोली चारशे ऐंशी ते सातशे वीस चौरस फुटांची होते, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी चालू वर्गांएवढी. एका शिक्षकाकडे ऐंशीपेक्षा जास्त मुले नकोत. शाळा खेड्यात वर्षाला आठ महिने, शहरात नऊ, कारण शेताच्या हंगामात खेड्यातली मुले येणार नाहीत हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

शिक्षकाचे कलम मला सर्वांत बोलके वाटते. गावाच्या शाळेत पूर्ण शिक्षकाला वर्षाला किमान 300 फोरिंट, साहाय्यकाला 200, राहायला नीट घर आणि किमान पाव होल्ड बाग. एक होल्ड म्हणजे सुमारे 0.57 हेक्टर, तेव्हा पाव होल्ड म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण चौदा गुंठे. अभ्यासक्रमात शेती आणि बागकामाची प्रत्यक्ष माहिती सांगितली आहे, तेव्हा ही बाग शिक्षकाच्या भाजीपाल्याची सोय करते आणि मुलांना शिकवण्याच्याही कामी येते. ज्याला ही जोडणी सुचते तो खेड्यातल्या शाळेचा विचार खुर्चीत बसून करत नव्हता, किंवा निदान त्याच्याजवळ खेडे जाणणारी माणसे होती. ती होतीही. प्राथमिक विभागाचे प्रमुख पाल गोंत्सी स्वतः शाळा चालवलेले शिक्षक होते, आणि कायद्याइतकेच पाठ्यपुस्तके, नकाशे, शिक्षकांना फुकट जाणारे अनेक भाषांतले नियतकालिक या गोष्टींकडे त्यांच्या विभागाचे लक्ष होते. राज्याने वीस अध्यापक विद्यालये उभारावीत असे कायद्यातच लिहिलेले आहे. बुडा येथले मुलींचे अध्यापक विद्यालय 1869 मध्ये यांका झिरझेन यांच्या हाती सुरूही झाले.

इथे आपला मुख्य आक्षेप येतो: शाळा चर्चच्या हातीच का ठेवल्या? 1869 मध्ये देशात सुमारे 13,800 प्राथमिक शाळा होत्या आणि त्यांपैकी गावांनी चालवलेल्या पाचशेसुद्धा नव्हत्या. बाकी जवळजवळ सगळ्या धर्मपंथांच्या. त्या ताब्यात घ्यायच्या तर इमारती, पगार, शिक्षक हे सारे राज्याला एका दिवसात उभे करावे लागले असते, आणि कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी, लुथरपंथी, ऑर्थोडॉक्स, ज्यू असे सगळे एकदम विरोधात गेले असते. 1848 चा धडा ताजा होता. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग धरला. शाळा ज्याची त्याची राहू द्यायची, पण इमारत, शिक्षकाची पात्रता, विषय यांची किमान अट सर्वांना सारखी लावायची. अट न पाळणाऱ्या पंथाला तीनदा ताकीद द्यायची, आणि तरीही सुधारणा नसेल तर तिथे गावाची शाळा काढायला लावायची. जिथे पंथाची शाळाच नाही आणि निदान तीस मुले आहेत तिथे गावाने शाळा काढलीच पाहिजे, आणि त्यासाठी सरकारी कराच्या पाच टक्क्यांपर्यंत शाळापट्टी बसवता येईल.

आपण याला माघार म्हणता. मी पूर्वी तसेच म्हणत असे आणि वर्गात तसे शिकवलेही आहे. मत बदलले ते ताकिदीचे कलम लक्षपूर्वक वाचल्यावर. मालकी सोडून मोजपट्टी हातात ठेवण्याचा हा व्यवहार आहे, आणि पैसा नसलेल्या राज्याला तो परवडणारा होता. मात्र त्याची किंमतही लिहा. निरीक्षक थोडे, जिल्हे अफाट, आणि ताकीद द्यायला गेलेल्या माणसाला बिशपशी गाठ घालावी लागे. गरिबांची मुले सोडता फी कायम राहिली. सर्वांसाठी मोफत प्राथमिक शिक्षण 1908 मध्ये आले. 1869 ला शाळेच्या वयाची सुमारे निम्मीच मुले शाळेत होती. 1890 च्या आसपास पाचांतली चार. या वाढीचे सगळे श्रेय कायद्याला देऊ नका, मधल्या काळात रेल्वे आली, शहरे वाढली. पण 1868 शिवाय ती वाढ झाली असती असेही म्हणता येणार नाही.

मातृभाषेच्या कलमाला स्वतंत्र प्रकरण द्या, असे मी आग्रहाने सांगेन. हंगेरीच्या राज्यात स्वतः हंगेरियन बोलणारे निम्म्याहून कमी होते. बाकी रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब, रुथेनियन. ‘गावात चालणाऱ्या भाषांपैकी आपली मातृभाषा असेल तर तिच्यातूनच प्रत्येक मुलाला शिक्षण मिळावे’ अशा अर्थाचे अठ्ठावन्नावे कलम त्या राज्यात, त्या काळात लिहिले गेले. त्याच डिसेंबरात राज्यातल्या वेगवेगळ्या भाषिक समाजांच्या समान हक्कांचा कायदा झाला, त्यामागेही देआक यांच्याबरोबर ओत्वोश होते. आणि हेच कलम सर्वांत आधी झिजले. 1879 मध्ये सर्व प्राथमिक शाळांत हंगेरियन हा विषय सक्तीचा झाला, आणि तो करणारे मंत्री आगोश्तोन ट्रेफोर्ट हे ओत्वोश यांचे तरुणपणापासूनचे मित्र आणि नात्याने साडू. दोघांच्या बायका रोश्ती घराण्यातल्या सख्ख्या बहिणी. 1907 मध्ये अल्बर्ट अपोनी यांच्या कायद्याने चौथीअखेर बिगरहंगेरियन मुलाला हंगेरियन बोलता-लिहिता आलेच पाहिजे अशी अट घातली आणि राज्याच्या मदतीची दोरी तिला बांधली. म्हणून ‘ओत्वोश अपयशी ठरले’ असे लिहिताना कोणाच्या काळातले अपयश कोणाच्या खात्यावर मांडतो आहोत, हे प्रत्येक वेळी तपासा. साडूने केलेला बदल हा कलमाचा दोष की राज्यकर्त्यांच्या बदललेल्या मनाचा, यावर आपले मत द्यायला परीक्षक नक्कीच सांगतील.

जे खरोखर त्यांच्याच काळात राहून गेले तेही नोंदवा. माध्यमिक शाळांचे आणि विद्यापीठाचे विधेयक 1870 मध्ये तयार होते, पण पार पडले नाही. माध्यमिक शाळांचा कायदा 1883 मध्ये ट्रेफोर्ट यांच्या हातून झाला. ज्यूंना स्वायत्त संघटना मिळावी म्हणून त्यांनी 1868 च्या अखेरीस भरवलेल्या काँग्रेसमधून एकी होण्याऐवजी सुधारणावादी आणि सनातनी अशी फूट कायमची झाली. 2 फेब्रुवारी 1871 रोजी पेस्ट येथे, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. दफन एर्चीला, एकेकाळच्या त्यांच्याच जहागिरीत.

एक धोक्याची सूचना. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी या विषयाला नामदार गोखले यांच्या 1911 च्या सक्तीच्या शिक्षणाच्या विधेयकाची तुलना जोडतात. मोह समजण्यासारखा आहे, पण गोखले परक्या सरकारच्या कौन्सिलात अल्पमतात बोलत होते आणि ओत्वोश स्वतःच्या संसदेत बहुमताच्या मंत्रिमंडळात बसले होते. तळटीपेपुरती तुलना करा. प्रकरण करू नका.

राहिला विद्यापीठाचा प्रश्न. इथे मी स्वतः एकदा फसले आहे. वर्गातल्या टिपणात वडिलांचे नाव लिहिले आणि एका विद्यार्थ्याने ते दुरुस्त केले. 1635 मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला 1950 मध्ये दिलेले नाव लोरांद ओत्वोश यांचे, म्हणजे होड्यांच्या पुलावरच्या प्रसंगाच्या वेळी दोन महिन्यांच्या असलेल्या त्या मुलाचे. गुरुत्वाकर्षण मोजणारा पीळ-तराजू केलेले मोठे भौतिकशास्त्रज्ञ ते हेच. घोटाळा आणखी वाढतो तो असा, की लोरांद हेही 1894–95 मध्ये सुमारे सात महिने त्याच खात्याचे मंत्री होते. त्यांनी 1895 मध्ये माध्यमिक शिक्षक घडवण्यासाठी जे निवासी महाविद्यालय काढले, त्याला मात्र वडिलांचे, योझेफ यांचे नाव दिले. तेव्हा बुडापेस्टमध्ये विद्यापीठ मुलाच्या नावाचे आणि महाविद्यालय वडिलांच्या नावाचे आहे.

हंगेरियन पद्धतीत, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे, आडनाव आधी येते; ग्रंथसूचीत ‘ओत्वोश योझेफ’ आणि ‘योझेफ ओत्वोश’ ही दोन माणसे करू नका. ‘ओत्वोश’ या शब्दाचा अर्थ सोनार असा आहे, त्यामुळे हे आडनाव तिकडे बऱ्याच जणांचे असते आणि सूची चाळताना भलताच ओत्वोश हाती लागतो. शीर्षकात पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे दोन्ही घाला. जीवनपटानंतरच्या प्रकरणांचा क्रम कायदा, मग 1848, मग मातृभाषेचे कलम आणि शेवटी पुढच्या मंत्र्यांनी केलेले बदल असा ठेवून पाहा; जीवनपट पहिल्या प्रकरणात आठ-दहा पानांत उरकेल. कायद्याचे जर्मन भाषांतर मिळाले आणि एखादे कलम अडले, तर कलमाचा क्रमांक देऊन लिहा, मी माझी टिपणे काढून पाहीन.